बाटली संपत नव्हती

ज्यांच्याबद्दल हे लिहितोय त्या मावशींची परवानगी मी दोनदा घेतली. एकदा नुसती तोंडी, आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं सगळं वाचून दाखवून. त्यांच्या दोन अटी होत्या. नाव घालायचं नाही, आणि "तुमची चूक असंल ती गाळायची न्हाई." वय, गाव आणि घरातली नाती यांत मी थोडा फरक केलाय. औषधाचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण सगळा घोळ त्या आकड्यांतच होता.

माझा दवाखाना कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला आहे. वीस वर्षं झाली. निम्मे पेशंट पेठांमधले आणि निम्मे नदीपलीकडच्या, पन्हाळा रस्त्याकडच्या गावांतले. मावशी त्या दुसऱ्या निम्म्यातल्या. साठीला टेकलेल्या, दोन म्हशी, दीड एकर ऊस, शिक्षण चौथीपर्यंत. मधुमेह अकरा वर्षांचा. गोळ्यांनी भागेना म्हणून तीन वर्षांपूर्वी मी इन्सुलिन चालू केलं होतं. बाटलीतलं, तीस-सत्तर मिश्रणाचं, सकाळी १६ युनिट आणि संध्याकाळी १०. इतकं छान बसलं होतं की गेल्या वर्षीचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, म्हणजे एचबीए१सी, ७.४ आला तेव्हा मीच त्यांना चहा पाजला होता. बिनसाखरेचा.

दिवाळीनंतर हे बिघडलं.

केस पेपरवर काय लिहिलं होतं

जानेवारीत एचबीए१सी ९.८. उपाशीपोटी साखर २६० च्या पुढे. माझ्या अक्षरातली नोंद अशी आहे: "शुगर अनकंट्रोल्ड. पथ्य नाही. समज दिली." डोस वाढवून २२ आणि १४. फेब्रुवारीत ३० आणि १८, "समज दिली". मार्चमध्ये ३६ आणि २२, "पुन्हा समज दिली". एप्रिलमध्ये ४० आणि २५.

"समज दिली" हे आम्हा डॉक्टरांचं लाडकं वाक्य. पोलीस ठाण्यातही हेच लिहितात, असं एकदा एका हवालदार पेशंटनं मला हसत सांगितलं होतं.

पथ्य नाही हे मी कशावरून ठरवलं? मावशींच्या दिराचं गुऱ्हाळ आहे. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. गावभर रसाचा वास, घरात काकवीचा डबा. दिवाळीनंतर साखर वाढली, त्याच वेळी गुऱ्हाळ सुरू झालं, म्हणजे बाई काकवी खातात. माझ्या डोक्यात हे इतकं चोख बसलं की त्या "काकवीला बोट लावलं न्हाई वो" म्हणाल्या तेव्हा मी मान डोलावली, आणि मनात म्हटलं, सगळेच असं म्हणतात.

एप्रिलच्या डोसनंतर साखर खाली यायला लागली. मेच्या सुरुवातीला उपाशीपोटी १२८. मी खूश. "बघा, पथ्य पाळलं की कसं होतं," असं मी त्यांना म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि उठल्या.

तो दिवस

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला मावशींनी इन्सुलिन घेतलं, भाकरी खाल्ली आणि म्हशींचं करायला गेल्या. साडेअकराच्या सुमाराला सून गोठ्यात गेली तर त्या वैरणीच्या पेंढीला टेकून बसलेल्या. अंगातून घामाच्या धारा, हात थरथरताहेत, आणि सुनेला म्हणताहेत, "तू कुणाची गं?" सून शहाणी. मावशी अजून गिळत होत्या हे बघून तिनं गुळाचं पाणी घोटघोट पाजलं आणि नवऱ्याला फोन केला. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. सुनेला हे आशाताईंकडून माहीत होतं.) शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं तेव्हा साखर ३८ होती, तीही गुळाचं पाणी पोटात गेल्यावर. ७० च्या खाली गेली की आम्ही सावध होतो. ३८ ला माणूस बेशुद्ध पडू शकतो, झटके येऊ शकतात. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, "इन्सुलिन जास्त घेतल्यामुळे." डोस निम्मा केला आणि वर सल्ला दिला की घरच्यांनी लक्ष ठेवावं.

म्हणजे चार महिने त्यांनी पथ्य पाळलं नाही म्हणून साखर वाढली, आणि आता औषध जास्त घेतलं म्हणून उतरली. आमच्या दोन्ही कागदांवर गुन्हेगार एकच होता.

पिशवीतून काय निघालं

आठवड्यानं त्या माझ्याकडे आल्या, सून बरोबर. खरं सांगायचं तर मी रागवायच्या तयारीत होतो. म्हटलं, घेता कसं ते करून दाखवा जरा, बघू.

मावशींनी सुई हातात घ्यायला नकार दिला. कापडी पिशवी टेबलावर पालथी केली आणि दोन सिरिंज शेजारी शेजारी ठेवल्या. एकीची टोपी लाल, दुसरीची नारिंगी.

"ही लाल टोपी बाटली खाती," त्या म्हणाल्या. "ती दुसरी खात न्हवती."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण घरात इन्सुलिन असणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. आपल्याकडे बाटलीतलं साधं इन्सुलिन बहुतेक ४० ताकदीचं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमध्ये बसणारी रिफिल १०० ताकदीची असते. काही महागड्या बाटल्याही १०० च्या असतात. दोन ताकदींसाठी दोन वेगळ्या सिरिंज लागतात. ४० साठी लाल टोपीची, १०० साठी नारिंगी टोपीची. दोन्ही दिसायला सारख्या, मेडिकलच्या एकाच खणात पडलेल्या. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी जमली तर १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तरी पोटात जातात ६.४ युनिट. उलटी जोडी जमली तर अडीचपट. अमेरिकेत माणसांसाठीचं ४० चं इन्सुलिन केव्हाच बंद झालं. तिकडे ते आता कुत्र्यामांजरांच्या औषधात उरलंय. आपल्याकडे दोन्ही नांदतात.

मावशींच्या बाबतीत झालं ते असं. दिवाळीला लाल टोपीच्या सिरिंज संपल्या. गावातल्या मेडिकलवाल्याकडे नव्हत्या, त्यानं नारिंगी दिल्या. "सेमच हाय" म्हणाला. त्याचाही दोष किती धरायचा? माझ्या चिठ्ठीवर नुसतं "इन्सुलिन सिरिंज" लिहिलेलं होतं. कुठली, ते नाही. मी वीस वर्षं असंच लिहीत आलो होतो.

तिथेच चिठ्ठीच्या मागे मी आकडेमोड केली. नारिंगीवरचे १६ आणि १० म्हणजे खरे ६.४ आणि ४. साखर वाढणारच. मग मी डोस वाढवत वाढवत ४० आणि २५ वर नेला. नारिंगीवरचे ४० म्हणजे खरे १६ आणि २५ म्हणजे खरे १०. फिरून फिरून मी त्यांना बरोबर जुन्या डोसवर आणून ठेवलं होतं, आणि त्याचं श्रेय पथ्याला देऊन वर शाबासकीही दिली होती. मेमध्ये त्यांचा भाऊ कोल्हापुरातून सिरिंजचं नवं पाकीट घेऊन गेला. लाल टोपीचं, म्हणजे खरं तर बरोबरचं. त्या सकाळी मावशींनी ४० च्या रेघेपर्यंत ओढलं आणि पहिल्यांदाच खरे ४० युनिट घेतले.

बाटलीचा हिशेब

हे सगळं मी डिसेंबरमध्येच ओळखायला हवं होतं. कारण मावशींनी मला सांगितलं होतं.

त्या टेबलापाशी बसूनच मला ते आठवलं. डिसेंबरात त्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. बाहेर गर्दी होती. उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या नव्या सुईत औषध कमी येतंय बगा." मी कागदावरून मान वर न करता विचारलं, "आकडा बघून घेताय ना?" त्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, "आकडा बरोबर असला की झालं."

आता त्यांनी पुरावा पुढे ठेवला. "बाटली आदी पंध्रा दिसांत सपायची. ती म्हैना होऊन गेला तरी हायच. तुमी आकडा बगतासा, मी बाटली बगतो."

बाटलीत १० मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट. दिवसाला २६ धरले तर पंधरा दिवस. दिवसाला १०.४ धरले तर अडतीस. त्यांचा हिशेब काट्यासारखा होता. शिवाय उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरू नये असं आम्ही सांगतो. ती मुदतही टळून गेली होती, आणि उरलेलं औषध त्या घेतच होत्या.

यात नवल वाटायचं काही कारण नाही. ही बाई चाळीस वर्षं रोज दोन वेळा दूध संस्थेत दूध घालते. माप, फॅट, डिग्री, आणि त्यावर ठरणारा दर. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून घेणारं गिऱ्हाईकसुद्धा फेस बसेपर्यंत थांबतं, फेसाचं माप घेऊन घरी जात नाही. मावशींच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात सकाळचं आणि संध्याकाळचं लिटर लिहिलेलं असतं. अशा बाईला औषध कमी येतंय हे कळणार नाही? कळलं होतं. तिच्याकडे मोजमाप होतं, आणि माझ्याकडे काकवीची गोष्ट होती.

यापेक्षा जास्त लागलं ते सुनेचं बोलणं. ती इतका वेळ गप्प होती. एकदम रडायला लागली. त्या मे महिन्यातल्या सकाळी दांडा पार शेवटापर्यंत ओढल्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "आज लई औषध आलं गं." आणि सून म्हणाली होती, "आत्ती, आकडा बरोबर हाय. डॉक्टर म्हणाल्यात, आकडा बरोबर असला की झालं."

माझं वाक्य माझ्या आधी त्या घरात पोचलं होतं आणि तिथं बसून राहिलं होतं. धोक्याच्या सकाळी मावशींना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा होता. तो मी आधीच काढून घेतला होता.

अठरा सेकंद

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी दवाखान्यातल्या भेटी टेपवर घेऊन तपासल्या. पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात, असं त्यांना दिसलं. कॉलेजात असताना हे वाचून आम्ही हसलो होतो. मावशींना मी डिसेंबरात किती सेकंद दिले असतील? दहा?

गर्दी हे खरं कारण आहे, मी ते उडवून लावत नाही. सकाळच्या तीन तासांत चाळीस पेशंट म्हणजे माणशी साडेचार मिनिटं, त्यातच रक्तदाब आणि लिहिणं. पण गर्दी असताना मी काकवीवर दोन-दोन मिनिटं बोललो होतोच की. वेळ होता, तो मी समज द्यायला वापरला.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहितीचा हक्क, संमतीचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. तिचा फलक माझ्याकडेही लावलेला आहे, वजनकाट्याच्या वर. मावशी त्याखाली उभ्या राहून वजन करतात. चांगला कागद आहे तो. पण पेशंट जे सांगतो त्याची केस पेपरवर नोंद करावी, असं कुठल्याच फलकावर मी वाचलेलं नाही. डिसेंबरच्या माझ्या पानावर बाटलीचा उल्लेखच नाही. तो असता तर जानेवारीत डोस वाढवताना नजर त्यावर पडली असती.

काय ठरलं, आणि काय ठरलं नाही

मी माफी मागितली. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या." मुलाला त्याच संध्याकाळी फोन केला तर तो तडकलाच. "आई गेली असती तर?" उत्तर नव्हतं. त्यानं दोन महिने त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते त्याचं बरोबरच होतं. जाताना मी सगळे आकडे एका कागदावर लिहून दिले, माझ्या चुकीसकट, म्हणजे पुढच्या डॉक्टरला शून्यापासून शोधावं लागू नये.

ऑगस्टमध्ये मावशी एकट्याच केएमटीच्या बसनं आल्या. "तितं कुणी बाटलीचं इचारत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बसलो. दुपारी, दवाखाना बंद असताना. सिस्टर आणि त्यांच्या गावच्या आशाताईही होत्या. मी पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला या आजारात काय हवंय. हा प्रश्न मी तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. मला ७ च्या खाली एचबीए१सी हवा होता, त्यांना काय हवं ते मला माहीतच नव्हतं.

"मला गोठ्यात पडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "साकर दीडशे ऱ्हाऊ दे, पर म्हशीच्या पायात पडाय नको. शेजारी हीर हाय."

याला वैद्यकीय आधार आहे. सर्वसाधारणपणे ७ च्या आसपास लक्ष्य ठेवतात, पण ज्यांची साखर घसरण्याचा धोका मोठा त्यांना ८ पर्यंत सैल सोडतात. मी सैल सोडायला कचरत होतो, कारण मला वाढलेल्या साखरेनं किडनी जाते हे दिसत होतं. तेही खोटं नाही. आम्ही ते त्यांच्यासमोर उघड बोललो, कुठल्या बाजूला काय जातं ते. शेवटी तूर्त ८ च्या आत, आणि सहा महिन्यांनी परत बसायचं, असं ठरलं. दोघांनाही ते पूर्ण पसंत नव्हतं.

पेनवरून आमचं जमलं नाही. मी म्हटलं, पेन घ्या, सिरिंजचा घोळच मिटेल. त्यांनी रिफिलची किंमत विचारली आणि मान हलवली. "पेन बिघडलं तर गावात कोण बघणार? सुई कुटंबी मिळती." मी म्हटलं, कुठंही मिळते हीच तर अडचण आहे. तर म्हणाल्या, "आता मला टोपी कळती." मला आजही वाटतं पेन बरं पडलं असतं. पण टोचून घेणार त्या होत्या, पैसे त्यांचे जाणार होते. बाटली राहिली.

बाटलीसाठीची युक्तीही त्यांचीच. नवी बाटली फोडली की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दुधाच्या आकड्याखाली "बा" लिहायचं. पंधराव्या दिवसाच्या आसपास दुसरा "बा" आला पाहिजे. तीन-चार दिवस इकडेतिकडे चालेल, त्याहून लवकर किंवा उशिरा आला तर डोस न बदलता मला फोन करायचा. वीस वर्षांत मी पेशंटला इन्सुलिनची वही करायला लावली, तक्ते छापून दिले, मोबाईलवर अ‍ॅप सुचवलं. इतकी साधी आणि चुकीला लगेच पकडणारी खूण मला कधी सुचली नव्हती. सिस्टरांनी ती इतर पेशंटनाही सांगायला सुरुवात केली. त्यातूनच एक रिक्षावाले काका सापडले. ते पेनच्या रिफिलमधून लाल टोपीच्या सिरिंजनं औषध ओढत होते, पेन हरवला म्हणून. नशीब, दुसऱ्याच दिवशी विचारलं.

मग उपवास निघाला. मावशींचा रविवार ज्योतिबाचा असतो. त्या दिवशी सकाळी त्या इन्सुलिन घेतच नव्हत्या, गेली तीन वर्षं, आणि मला कधी सांगितलं नव्हतं. का? "तुमी रागावला असता." खरंच रागावलो असतो. आणि रागावून डोस घ्यायला लावला असता तर उपाशीपोटी साखर कोसळली असती. त्यांनी स्वतःला वाचवलं होतं, फक्त माझ्यापासून लपवून. आता रविवारी सकाळचा डोस निम्मा आणि दुपारी राजगिऱ्याचा लाडू न खाता शेंगदाणे आणि ताक, असं ठरलं. (हा हिशेब त्यांच्यापुरता आहे. वाचून कुणी आपला डोस निम्मा करू नये.)

शेवटी पाणी. त्यांचं गाव नदीकाठचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावाचा रस्ता बंद झाला तेव्हा त्यांचं इन्सुलिन सुरू नव्हतं. २०२१ च्या पुरातही नव्हतं. पुढच्या वेळी असणार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आमचा करार ३९ वर झाला: पाणी ३९ ला टेकलं की घरात दोन बंद बाटल्या आणि लाल टोपीचं एक पाकीट हवंच. लाईट गेली तर बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात. हे आशाताईंनी आपल्या वहीतही लिहून घेतलं, गावात इन्सुलिनवर असलेल्या बाकीच्यांसाठी.

जे ठरलं नाही तेही लिहितो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करायला हवी. मावशी जात नाहीत. शेजारच्या एकीची तिथं गेल्यानंतरच नजर गेली, असं त्यांचं म्हणणं. गेली असेल आधीच्या आजारानं, पण मी तसं सांगून भागत नाही. तीनदा बोललोय, आता आशाताईंनी त्यांच्याबरोबर जायचं कबूल केलंय. बघू. मुलगा अजूनही माझ्याशी तुटक बोलतो. आणि मी, सोमवारच्या गर्दीत, अजूनही लोकांना मध्येच तोडतो. सिस्टर टेबलावर पेन आपटतात तेव्हा कळतं.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.९ आला. मध्ये दोनदा साखर साठीत गेली, दोन्ही वेळा त्यांनी स्वतः ओळखलं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग भाकरी. गुळाऐवजी साखर का, हे त्यांनी मला विचारलं. म्हटलं, चमच्यानं मोजता येते, आणि खडा विरघळायची वाट बघावी लागत नाही. ते पटलं, कारण मापाचं होतं.

केस पेपरवर आता मी एक ओळ वेगळी ठेवतो. पेशंटचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत, माझ्या निदानाच्या वर. मावशींच्या पानावर पहिली नोंद आहे: "लाल टोपी बाटली खाती." "पथ्य नाही" वर काट मारून बाजूला तारीख टाकली आहे. कागद फाडला नाही.

गेल्या महिन्यात त्या औषधं न्यायला आल्या. बाहेर नेहमीसारखी रांग. मी भराभर चिठ्ठी लिहिली, इन्सुलिन, गोळ्या, सिरिंज, आणि पुढे सरकवली. त्यांनी ती हातात धरून, लांब नेऊन, नीट बघितली. चौथीच्या शिक्षणात माझं अक्षर लागणं कठीणच, पण सिरिंजची ओळ कुठे असते ते त्यांना माहीत आहे. चिठ्ठी परत माझ्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

"टोपी लिवा."

मी लिहिलं.